त्याच वळूची कांडी

पोवळी गाय माजावर आली तेव्हा कृत्रिम रेतन करणाऱ्या निकेशनं वळूंच्या वीर्याच्या कांड्यांची पेटी उघडायच्या आधीच सांगितलं, "काकी, तुम्ही सांगताय त्या वळूची कांडी हिला न्हाय चालायची. ही त्याचीच लेक हाय."

बायजाला ते ठाऊक होतं. पण चौलच्या त्यांच्या आळीत पोवळीएवढं दूध दुसऱ्या कुठल्याच गाईला नव्हतं. तिची आई साधी गावठी गाय. म्हणजे आलं ते सगळं बापाकडून. त्याच बापाची आणखी एक कालवड झाली, तर ती पोवळीच्याही वर जाईल, हा हिशेब बायजाच्या डोक्यात पक्का बसला होता.

"जनावरात कसला बाप नि कसली लेक? तू भर."

निकेश घुटमळला, पण भरून गेला.

दिवस भरले. पोवळी कळा देऊ लागली ती सकाळपासून, आणि दुपार कलली तरी वासरू पुढे सरकेना. नवरा अंबाजी थळच्या कारखान्यातली पाळी अर्ध्यावर टाकून आला. येताना अलिबागहून गुरांच्या डॉक्टर प्राचींना घेऊन आला. त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि त्यांचा चेहराच उतरला. वासराची मान पाठीकडे वळून तशीच ताठ झाली होती. पाय आखडलेले, वाकडे. जीव कधीच गेला होता. शेवटी आतल्या आत कापून, तुकड्या-तुकड्यानं बाहेर काढावं लागलं. बायजा पोवळीचं तोंड छातीशी धरून उभी होती. गाय हंबरत नव्हती, नुसती कण्हत होती.

विहिरीवर हात धुताना डॉक्टरांनी विचारलं, "हिचा बाप कोण?"

बायजानं सांगितलं. वासराचाही तोच, हेही सांगितलं.

"त्या वळूत एक दोष लपलेला असणार," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच बाजूनं आला तर दिसत नाही, म्हणून पोवळी धडधाकट. वासरात तो आई-बाप दोन्ही बाजूंनी आला. तुमच्या आळीत याच्या लेकी किती आहेत?"

"निम्म्या गाई त्याच्याच असतील."

"मग पुन्हा तो वळू नको. आणि पोवळी आता गाभण राहील असं वाटत नाही. आत फार इजा झालीय."

"पर तिचं दूध, बाई? ते तर खरं होतं ना?"

"खरंच होतं. तेही त्याच्याकडूनच आलं."

अंबाजीनं माडाखाली खड्डा खणला. वासरू पोत्यात भरून पुरलं.

आणि पोवळीला दूध फुटलं. कास एवढी तटतटली की न काढावं तर गाय तळमळायची. बायजा खाली बसायची, तेव्हा पोवळी मान वळवून मागे वासरू हुंगायला बघायची. बायजाला तिच्याकडे बघवायचं नाही. घरात तिनं स्वतः ते दूध तोंडाला लावलं नाही.

भरलेली बादली बघून शेजारची नीराबाई आली. "माझी गाय माजावर हाय. पोवळी कुठल्या वळूच्या कांडीची गो?"

बायजानं काही लपवलं नाही. वासराची मान कशी होती, ते कसं काढलं, सगळं सांगितलं. नीराबाईची गायही त्याच वळूची, हेही बजावलं.

नीराबाई बादलीकडेच बघत होती. "तुझं नशीब वाईट निघालं, बाय. सगळ्यांचंच थोडं तसं होतंय?"

दुसऱ्या दिवशी निकेशची मोटरसायकल नीराबाईच्या दाराकडे वळताना दिसली. बायजा रस्त्यात आडवी झाली.

"तीच भरणार हायस?"

निकेशनं इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "तीच सांगितलीय. पर पेटीत दुसरी हाय. दूध बेताचं उतरेल, वासरू तरी उभं ऱ्हाईल. तुम्ही बोलू नका."

कालवड मोठी होऊन दूध देईपर्यंत नीराबाईला काही कळणार नव्हतं. कळलं की ती निकेशला दारात उभा करणार नव्हती, आणि बायजालाही नाही.

"त्या दिवशी माझ्याशी का न्हाय खोटं बोललास, रे?" बायजा म्हणाली.

बायजा बाजूला झाली आणि त्याला जाऊ दिलं.