माळढोकाशेजारचं वटवाघूळ

मी माळढोकाची मादी बोलतेय. सोलापुरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत, काचेच्या कपाटात उभी आहे. पोटात भुसा भरलाय.

जन्म माझा नान्नजकडच्या माळावरचा. वर्षाला एकच अंडं घालायचं, तेही उघड्या जमिनीवर. शिकाऱ्यांची जीप आली तेव्हा मी अंड्यावर होते. पळाले असते तर वाचले असते. उठवलं नाही. अंड्याचं पुढं काय झालं, कुणी सांगितलं नाही.

कपाटात माझ्याशेजारी वटवाघळाची एक मादी उलटी टांगलेली होती. मल्लिकार्जुन सर दरवर्षी मुलांना आमच्यासमोर आणायचे. "ही बहुतेक पायीच हिंडते, तरी पक्षी. ही उडते, तरी सस्तन. पिलाला दूध पाजते. दोघींचं एकमेकींशी काही नातं नाही."

बहात्तर साली वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा नवा कायदा आला. सर म्हणाले, "माळढोक पहिल्या अनुसूचीत. मारला तर तुरुंग. वटवाघूळ पाचव्या, उंदीर-कावळ्यांबरोबर. उपद्रवी."

"मंजे मारलं तरी चालतंय?" मुलांमधून कुंभारी गावच्या अक्कम्मानं विचारलं.

"हो. फळबागा खातात ना."

ती वटवाघळासमोर काचेजवळ गेली. मग म्हणाली, "सर, हिला मीच आणून दिली. आमच्या आप्पानं पेरूच्या बागेत पाडली. छातीला पिल्लू हुतं, जित्तं. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं मी. पर त्ये आईलाच हुडकत हुतं. सकाळी गेलं. हिलाबी एकच असतंय की, माळढोकावानी."



पुढच्या पावसाळ्यात वटवाघळाला कसर लागली. "उपद्रवीच तर आहे, टाकून द्या," असा वरून निरोप आला. अक्कम्मानं तिला पदरात गुंडाळलं आणि पिलाला पुरलं होतं तिथं घेऊन गेली. मला मात्र नवं कपाट मिळालं, पितळी कुलपाचं.

आता शेजारी कुणी नाही. तरी उन्हं कलली की तिथं पंख उलगडल्यासारखं वाटतं. फार बारीक आवाजात कुणीतरी दूध मागतं. शिपाई चनबसप्पाही त्या वेळी खोलीत थांबत नाही. "हितं कायतर हाय," म्हणतो आणि दार ओढून घेतो.

परवा आताचे नवे सर मुलांना माळावर घेऊन गेले. परत आले ते धुळीनं माखून. "दिवसभर हिंडलो, एकही दिसला नाही. हिलाच नीट बघून घ्या."

मुलं काचेला नाक लावून उभी राहिली.

पोरांनो, मला बघून काय कळणार? पुन्हा जा. अजून एखादी कुठंतरी हिंडत असेल. आणि ती दिसलीच, तर गावात येऊन कुणाला सांगू नका.