लाइल ह्रुस्काचा डाव

आमच्या जिल्ह्यातला पक्षाचा अध्यक्ष लाइल ह्रुस्का. विमा विकता विकता त्याला वाटायला लागलं होतं, की मतदारही असेच गुंडाळता येतात.

त्या वर्षी विधानसभेला आमच्याकडून मारिट सोलबर्ग ही नर्स एकटीच उभी होती. समोरच्या पक्षात मात्र उमेदवारीसाठी दोघं झुंजत होते. एक ऑर्व्हिल टेश, जुना आमदार, गायीगुरं राखणारा सभ्य माणूस. दुसरा ब्रॉक व्हँडरसी, शाळेची ग्रंथपाल बाई पोरांना नको ती पुस्तकं देते, तिला बेड्या ठोका म्हणून सभेत बोंबलणारा. अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिन राज्यात ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीत कुणीही कुठल्याही एका पक्षाचा उमेदवार निवडायला मत देऊ शकतो. लाइलने नेमकं तेच हेरलं.

शुक्रवारी मासे खायला जमलो, तेव्हा तो म्हणाला, "मारिट तशीही आपल्या पक्षात बिनविरोध आहे. आपण सगळ्यांनी ब्रॉकला मत द्यायचं. ऑर्व्हिल भारी पडेल, पण ब्रॉकला नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत माझी मांजरसुद्धा पाडेल."

"आणि नाही पडला तर?" मारिटने विचारलं.

"बाई गं, तू सुया टोच. राजकारण माझ्यावर सोड."

सगळे खिदळले. मी म्हटलं, "लाइल, शेजाऱ्याच्या घरात साप सोडतोयस. भिंत एकच आहे."

"इर्मा, तू बटाटे खा."

ऑर्व्हिल थोडक्यात हरला. लाइलने सगळ्यांना बियर पाजली.

मग समोरच्यांचा तमाशा सुरू झाला. जुलैत ब्रॉकला येडा म्हणणाऱ्यांनीच सप्टेंबरात अंगणात त्याच्या पाट्या रोवल्या. ऑर्व्हिलसुद्धा मंचावर त्याचा हात उंच धरून उभा राहिला, नजर बुटांवर. मारिट दारोदार फिरली. एक म्हातारा तिला म्हणाला, "पोरी, माझ्या बायकोची शेवटची सेवा तूच केलीस. पण पक्ष तो पक्ष."

ब्रॉक दणक्यात निवडून आला.

निकालानंतर लाइल कुरकुरला, "लोकांना अक्कलच नाही."

"त्यांच्यापुढे ब्रॉक वाढला कुणी?" मारिट म्हणाली आणि कोट घालून निघून गेली. लाइलने बियरमध्ये तोंड खुपसलं.

वसंतात ग्रंथपाल बाई सामान बांधून शेजारच्या मिनेसोटा राज्यात निघून गेली. आणि लाइलला राज्याच्या पक्ष कार्यालयाने बोलावून घेतलं. निवडणुका कशा लढवायच्या, ते आता तो इतर जिल्ह्यांना शिकवतो.