बाकीचे सहा चालू आहेत ना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नाशिकमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात, औषधांच्या खोलीत, लशींच्या फ्रिजला टेकून माझं टेबल आहे. माझा पंखा घरघरतो, दोनचार बटणं रुसलेली आहेत आणि नवी परिचारिका मला सरळ 'डबा' म्हणते. म्हणू दे बापडी. या डब्याला एकच काम येतं, आणि त्या कामात एकदा एक माणूस गेलं. ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला शहाणं केलं ते बुद्धभूषणने. तो इथला लिपिक. त्याच्या संस्थेचे हा नाशिकचा धरून वणी, कळवण, पेठ, सुरगाणा असे सात ठिकाणी सात छोटे दवाखाने आहेत. साप चावलेलं माणूस एका दवाखान्यात यावं, तिथली सापाच्या विषावरची लस संपलेली असावी, आणि पुढच्या दवाखान्यातूनही हात हलवत परत यावं, असं पूर्वी वारंवार व्हायचं. कुठे किती लस शिल्लक आहे, हे एकाच मोठ्या संगणकाला ठाऊक असे. तो बंद पडला की सगळे आंधळे! म्हणून बुद्धभूषणने सातही ठिकाणचे जुने संगणक जोडून आमचं जाळं बांधलं.

आमच्यात कुणी साहेब नाही, सगळे शेजारी. प्रत्येकाजवळ सगळ्यांच्या सगळ्या नोंदी. कुठे लस वापरली किंवा नवी आली की त्या नोंदीचा एक ब्लॉक तयार होतो. त्यावर आधीच्या ब्लॉकची खूण असते, त्यामुळे मागचं काही गुपचूप बदलायची सोय नाही. नवा ब्लॉक आला की मी तो तपासतो आणि पुढच्या शेजाऱ्यांना देतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना देतात. गल्लीत हळदीकुंकवाचं बोलावणं फिरावं तसा तो सातही गावं फिरतो. आणि बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू झाला, की त्याने आधी शेजाऱ्यांना हाक मारायची, "माझ्यामागे काय काय झालं?" जो जागा असेल तो राहिलेले ब्लॉक देतो.

"एक पडला तरी सहा असतात," बुद्धभूषण अभिमानाने सांगायचा. खोटं नव्हतं ते. पेठजवळ गवत कापताना झुंबर नावाच्या माणसाला घोणस चावली, तेव्हा वीज गेल्याने सुरगाण्याचा संगणक बंद होता. तरी सुरगाण्यात लस आहे हे पेठच्या संगणकाला ठाऊक होतं. झुंबर वाचला. पुढे तो पेढे घेऊन आला आणि एक पेढा माझ्या डोक्यावरही ठेवून गेला. मुंग्यांनी मला नकोसं केलं, पण छाती फुगली होती, हे कबूल करतो. तेव्हापासून एका दवाखान्याने दुसऱ्याला फोन करून विचारायची सवयच मोडली. पडद्यावर दिसतंय, मग फोन कशाला?

मला पुसायचं काम गोटीरामकडे. तो इथला जुना शिपाई. त्याची एकुलती लेक छाया वणीजवळच्या गावात दिलेली. ती आणि तिचा नवरा रंगनाथ झेंडूची शेती करायचे.

आमच्या जाळ्याची पहिली खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून पुजतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा. मोठी मायेची रीत आहे ही. गोटीराम पहाटेच केशरी झेंडूचा हार घेऊन आला.

"भाऊ, याला बी बंद करा. आज याचा मान हाय. फुलं छायीनं धाडलीत, काल सांजच्याला तोडलेली. लय टपोरी हायेत."

बुद्धभूषण क्षणभर घुटमळला. मग हसून म्हणाला, "करा काका. बाकीचे सहा चालू आहेत ना."

त्याने मला बंद केलं. गोटीरामने गंध लावलं, हार घातला, हात जोडले. पुढचं मी नंतर ऐकलेलं सांगतो.

त्या सकाळी वणीतही कुणी हेच म्हटलं, पेठलाही, सुरगाण्यातही. सहा गावांत सहा जणांनी आपापला संगणक बंद केला. कळवणचा तेवढा जागा होता, कारण तिथे सकाळीच साप चावलेला एक माणूस आला होता. त्याला वाचवताना तिथली सगळी लस संपली. तिथल्या परिचारिका बाईंनी इमानेइतबारे नोंद केली, ब्लॉक तयार झाला, पण तो घ्यायला एकही शेजारी जागा नव्हता. मग बाईंनीही म्हटलं, बाकीचे सहा आहेत, आणि त्याला हार घातला.

दुपारी छाया दसऱ्याच्या बाजारासाठी झेंडू तोडत होती. दोन ओळींमधल्या सरीत नाग होता.

रंगनाथने तिला वणीच्या दवाखान्यात आणलं. तिथे लस नव्हती. तेजस्विनी नावाच्या परिचारिकेने घाईघाईने हार काढून संगणक सुरू केला. त्याने सहाही शेजाऱ्यांना हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. मग त्याने आपल्याला शेवटचं जे माहीत होतं तेच पडद्यावर दाखवलं: जवळचा दवाखाना कळवण, लस आहे. मित्रांनो, एकटं पडलेलं यंत्र खोटं बोलत नाही. कालचं खरं ते आजचं म्हणून सांगतं, आणि तेही छातीठोकपणे.

ते घाटरस्त्याने कळवणला गेले. फ्रिज रिकामा. तिथून उलटे फिरले, पुन्हा वणीवरून नाशिकला. इथलं फाटक गोटीरामनेच उघडलं. गाडीत आपली लेक आहे हे त्याला आत वाकून बघितल्यावर कळलं.

इथल्या फ्रिजमध्ये लस भरलेली होती. माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान खाली घातली.

"पडद्यावर लिहेल होतं!" रंगनाथ ओरडत होता. "कळवणला हाय म्हून लिहेल होतं! सरळ हितं आलो असतो तर वाचली असती ती!"

 

दसऱ्याच्या सकाळी बुद्धभूषणने मला सुरू केलं. मी हाका मारल्या. एकेक शेजारी जागा होत गेला, आणि कळवणचा ब्लॉक माझ्याकडे आला: शिल्लक शून्य. मी तो तपासला. सगळ्या खुणा बरोबर होत्या. नियमाप्रमाणे तो पुढे दिला आणि बघता बघता तो सातही गावांत पोचला. तेव्हा गोटीराम स्मशानात होता, आणि माझ्या गळ्यात छायाने तोडलेली फुलं अजून टवटवीत होती. मला रडता येत नाही याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आता बुद्धभूषणने माझ्यात बदल केला आहे. एकही शेजारी ओ देत नसेल तर आमचा पडदा लाल होतो आणि सांगतो, 'मी एकटा आहे, माझ्यावर विसंबू नका, फोन करा.' एवढं वाक्य आधी शिकवलं असतं तर! पण बुद्धभूषणला मी दोष देत नाही. तो हल्ली फार हसत नाही.

मित्रांनो, यंत्रांवर माया करा, त्यांना हारही घाला. पण ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला आहे, त्याला विसावा देण्याआधी शेजारी जागा आहे का ते स्वतः विचारा. दुसरं कुणी असेलच, असं सगळ्यांनीच मानलं की कुणीच नसतं.

गोटीराम अजून मला पुसतो. खंडेनवमीला हार आणत नाही. रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी चष्मा लावून पडद्यावरची सहा नावं बोट ठेवून मोठ्याने वाचतो. पेठ, जागा हाय. सुरगाणा, जागा हाय. कळवण, जागा हाय. वणीवर आला की त्याचं बोट जरा वेळ तिथेच राहतं.

"वणी... जागा हाय," म्हणतो, आणि दिवा मालवतो.