दोघींचं खाणं

टाक्या सांभाळणारे काका तोंडाने फटकळ, पण माशांच्या पोटाची काळजी आईसारखी करणारे. सकाळी ती प्रयोगशाळेत शिरली तसं त्यांनी अकरा नंबरच्या टाकीकडे बोट दाखवलं.

“ताई, चिठ्ठीवर एक मादी लिहिलीय. खाणं मात्र दोघींचं संपतंय.”

“भूक लागली असेल.”

“चार दिवस? तुमच्यासारखी उपाशी राहायची सवय नाही तिला.” काकांनी तळाची मातीची नळी हळूच कलती केली. आतून दुसरी मादी बाहेर आली, पहिलीच्या अंगाला लागून उभी राहिली आणि समोरून पाहणाऱ्याला पुन्हा एकच दिसू लागली. “मोजले कोणी होते?”

“मीच.”

“मग असू दे, झाकली मूठ सव्वा लाखाची!”

काका हसले. तिनेही हसायला हवं होतं. दीड वर्षापूर्वी हसली असती.

दीड वर्षापूर्वी तिचा थोरला भाऊ “येतो गं” म्हणून घराबाहेर पडला तो आलाच नाही. तेव्हापासून तिला ना रडू येत होतं ना राग. तिच्याच विषयाच्या भाषेत सांगायचं तर हार्मोन पेशीपर्यंत येत होता, पण त्याचा निरोप झेलणारा ग्राहीच जागेवर नव्हता.

माशांमधले हे ग्राही हाच तिचा अभ्यास. माशांच्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळी जनुकं एकदा दुप्पट झाली. तिच्या माशाच्या घराण्यात तर नंतर आणखी एकदा. अशा जोडीतली एखादी प्रत कालांतराने गळते, एखादी नवं काम शिकते. जवळच्या सगळ्या जातींत ताणाच्या हार्मोनच्या एका ग्राहीच्या जनुकाच्या दोन प्रती होत्या, तिच्या माशात एकच. त्या एका गळतीवर तिची तीन वर्षं, तिचा शोधनिबंध आणि पुढची शिष्यवृत्ती उभी होती. निबंध आज संध्याकाळी पाठवायचा होता.

तिच्या मार्गदर्शक मॅडमना पोरं पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत. तक्त्यात कोणी ‘हरवली’ लिहिलं की त्या पेन्सिलीने गोल करत. “हरवली म्हणजे सगळं घर झाडून पाहिलंस. नसेल पाहिलं तर ‘सापडली नाही’ असं लिही.” तिने कालच छातीठोकपणे सांगितलं होतं, झाडून पाहिलंय.

ती खुर्चीत बसली, पण काकांचं वाक्य डोक्यातून जाईना. मशीन जनुकं तुकड्यातुकड्यांनी वाचतं आणि संगणक ते तुकडे जुळवतो. दर जागी साधारण चाळीस तुकडे एकावर एक येतात. या ग्राहीच्या जागी किती आलेत, हे तिने कधी मोजलंच नव्हतं. आता मोजले. सुरुवातीला ऐंशी, मध्ये ब्याऐंशी, शेवटी एकोणऐंशी; सगळीकडे दुप्पट. मधूनच एखाद्या ठिकाणी अर्ध्या तुकड्यांत एक अक्षर, अर्ध्यांत दुसरं. दोन प्रती इतक्या सारख्या होत्या, की संगणकाने एकीवर दुसरी रचून एकच धरली होती.

म्हणजे काहीच गळलं नव्हतं.

आता छातीत धस्स व्हायला हवं, एवढं तिला समजलं. झालं नाही. ही चूक कोणाच्या लक्षात यायला वर्ष तरी लागलं असतं, हेही समजलं. तिने आकड्यांचा कागद छापला आणि मॅडमच्या खोलीत गेली.

“मॅडम, ती आहे.”

“कोण?”

“दुसरी प्रत. पहिलीच्या मागे उभी होती.”

मॅडमनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. “म्हणजे सगळं मुसळ केरात.”

“हो.”

“शिष्यवृत्तीचं शिफारसपत्र आता देता येणार नाही मला. कळतंय ना?”

“हो.”

“अगं, रड की जरा,” मॅडम म्हणाल्या. “असं बघवत नाही.”

तिने तक्त्यातला ‘हरवली’ हा शब्द खोडला आणि ती घरी आली.

आईने चौघांचा स्वयंपाक केला होता. दीड वर्षात एकदाही तिने तिघांचा केला नव्हता. बाबा मान खाली घालून जेवत होते.

“पाठवलास का निबंध?” आईने विचारलं.

“नाही. जी हरवली म्हणत होते, ती सापडली.”

आईच्या हातातला डाव थांबला. “सापडला?”

“‘ली’, आई. सापडली. माशाच्या जनुकाची प्रत.”

“अच्छा.” आईने डाव खाली ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे ती होतीच? इतके दिवस?”

“होतीच. मी नीट पाहिलं नव्हतं.”

“बघ,” आई म्हणाली. “बघ म्हणजे.”

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, जणू आता तूच काय ते सांग. ती सांगू शकली असती. तिथे खाणं संपत होतं, आई. मागे कोणी उभं असलं की खाणं संपतं. पातेल्यात एकाचं जेवण उरलं होतं, काल उरलं होतं तेवढंच.

“झाकून ठेव,” आई म्हणाली. “येतो म्हणाला होता.”

तिने शेगडीवरचं पातेलं उचललं, ओट्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि वर ताटली घातली. पातेलं चांगलंच तापलेलं होतं, हे तिला बोटं लाल झालेली दिसली तेव्हा कळलं.