कोरडी राहिलेली साबणाची वडी

मी साबणाची वडी बोलतेय. होय, तीच, वॉर्डाच्या दारातल्या बेसिनवरची. आत शिरताना तुमचा हात माझ्यावरून जातो, पण माझ्याकडे वळत नाही.

वालीवच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंगावर नाव उमटवून, कागदात गुंडाळून मला वसईतल्या या लहानशा रुग्णालयात पाठवलं. वाटलं होतं, महिन्याभरात झिजून संपेन. साबणाला आणखी काय हवं असतं? पण शेजारच्या भिंतीवर सॅनिटायझरची बाटली टांगलेली. लोक येतात, एकदा दाबतात, हात चोळतात, झालं! मी वाळून तडकले, तरी अंगावरचं नाव वाचता येत होतं.

मग वॉर्डात उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी एक खाट, मग दुसरी. नमुने तपासायला गेले आणि नाव कळलं, नोरोव्हायरस. डॉक्टर बजावून गेले, "याला सॅनिटायझर पुरत नाही. साबण आणि वाहतं पाणी." त्या दिवशी सगळ्यांनी मला हातात घेतलं. नंतर विसरले.

खिडकीजवळच्या खाटेवर विद्याधर होते, केळीची वाडी असलेले. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं. त्यांची थोरली बहीण प्रेमलता त्यांची सेवा करतानाच आजारी पडली, सलाईनवर राहिली आणि बरी झाली. घरच्यांनी लगेच ठरवलं, आता भावाजवळ तिनेच बसायचं. तिला एकदा होऊन गेलंय ना, मग तिला काय भीती!

तिला नसेलही. पण तिच्यापासून इतरांना? हा प्रश्न घरात एकटीलाच पडला, विद्याधरांच्या मुलीला, अक्षदाला.

प्रेमलताबाई यायच्या, बाटली दाबायच्या, डबा उघडायच्या. वाडीतलं केळं मऊ भातात बोटांनी कुस्करून भावाला भरवायच्या. शेजारच्या खाटेवर पाचूबंदरचे ॲन्सेल्म. त्यांनाही अर्धं केळं सोलून.

"बाई, हे असं मिळणार असेल तर मी घरीच जात नाही," ते हसायचे.

"आत्या, आधी साबणाने हात धू," अक्षदा म्हणाली.

"आत्ताच तर चोळले. वास घे हवं तर."

"वास काय घ्यायचाय? व्हायरस जात नाही त्याने."

"मला काय झालंय गं? चार भाकऱ्या खाते, ठणठणीत आहे."

"बरं वाटलं तरी तो पोटातून बाहेर पडत राहतो. दोन आठवडे, कधी जास्तही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुझ्या बापाला याच हातांनी वाढवलं मी. तेव्हा कुठे होते तुझे डॉक्टर?"

"अक्षू, मोठ्यांशी असं बोलतात का?" विद्याधर पुटपुटले आणि त्यांनी घासासाठी तोंड उघडलं.

मला किंचाळावंसं वाटलं. मी दोन पावलांवर होते! नळाला पाणी होतं! वयाला मान द्या, कोण नको म्हणतंय? पण त्या मानाने बोटं स्वच्छ होत नाहीत हो.

आधी ॲन्सेल्मना उलट्या-जुलाब सुरू झाले. मग विद्याधरांना. आधीच अशक्त शरीर, त्यातलं पाणी झपाट्याने गेलं, मूत्रपिंडं थकली. त्यांचा स्ट्रेचर माझ्यासमोरून आयसीयूकडे गेला.

"कुणी दिलं गं माझ्या भावाला हे?" प्रेमलताबाईंचा आवाज फुटला.

अक्षदा भडकलेलीच होती. "तू दिलं असशील. नाहीतर मी! मला एक उलटी झाली नाही, तरी माझ्यातही असू शकतो तो. कळत नाही, आत्या, कुणालाच कळत नाही. म्हणून तर धुवायचे ना हात!"

प्रेमलताबाई बेसिनपाशी आल्या आणि त्यांनी मला उचललं. किती वेळ चोळत होत्या! मग ओले हात अक्षदापुढे धरले. "अंगठे राहिले का गं?"

"राहिले," अक्षदा म्हणाली आणि तिने स्वतःचेही हात पुढे केले.

विद्याधर अजून आयसीयूत आहेत. आज त्यांना लघवी झाली, असं सिस्टर डेल्फिन सांगून गेली, तेव्हा प्रेमलताबाई इथेच भिंतीला टेकून रडल्या. डबा मात्र आता त्या उघडत नाहीत. दारातच देतात.

मी अर्धी उरलेय, अंगावरचं नाव पुसलं गेलंय. हे जरा आधी व्हायला हवं होतं.

आणि आत्ताच एक काका आले. बाटली दाबली, हात चोळले, निघाले खाटेकडे. हातात डबा.

अहो काका, थांबा! मला शिल्लक ठेवून काय करणार आहात?