झाडाचं नाव कुणी घ्यायचं

दत्तात्रेय वैद्यांनी बांबूची काडी सुक्या, पोकळ भोपळ्यात बुडवली, मधाचा थेंब जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. ओसरीच्या पायरीखाली बायजा कातकरीण टोपली घेऊन उकिडवी बसली होती. शेजारी नुरुद्दीन किराणावाला छत्री काखेत धरून उभा. त्याची चार वर्षांची जहुरा तीन दिवस आवेनं हैराण होती. पोरीच्या पोटात पेजसुद्धा ठरेना.

म्हसळ्याच्या पंचक्रोशीत रीतच होती तशी. पोळं काढायचं कातकऱ्यांनी, पण मध कुठल्या झाडाचा ते सांगायचं वैद्यांनी. विकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. वैद्य चाखणार, झाडाचं नाव घेणार, विकणारा 'व्हय' म्हणून रिकामा भोपळा उचलणार. लबाडीला जागाच नको. आणि वैद्यांची जीभ म्हणजे काय विचारता! ऐनाचा मध डोंगराच्या कुठल्या अंगाचा, तेसुद्धा सांगायचे. मिरवायचे थोडे, पण तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. मग मिरवू नये तर काय करावं?

फक्त, ती जीभ दिवाळीतल्या तापात मेली होती. मीठ आणि साखर एकच लागायची. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कळू दिली नव्हती. अळणी आमटीलाही 'फक्कड' म्हणत भुरका मारायचे. मधाचा रंग बघायचा, धार बघायची, महिना मोजायचा आणि ठोकून द्यायचं. आतापर्यंत निभावलं होतं.

"जांभळाचा!" वैद्यांनी डोळे उघडले. "सुंठेच्या पुडीबरोबर दिवसातून तीनदा चाटव. जांभूळ पोट बांधतं. करंजाचा असता तर हात लावू दिला नसता तुला. तो पोट आणखी ढिलं करतो."

"अल्ला तुमचं भलं करो, वैद्यबुवा." नुरुद्दीननं भरलेली बाटली घेतली आणि तो लगबगीनं पायऱ्या उतरला.

बायजा 'व्हय' म्हणाली नाही.

"बायजे, भोपळा उचल की गं."

ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. भोपळा तिथंच.

म्हणजे नाव चुकलं होतं. नुरुद्दीन विहिरीपर्यंत पोचला होता. जाऊ दे, मन म्हणालं, चमचाभर मधानं कुणी मरत नाही. आणि लगेच त्यांची त्यांनाच शरम वाटली. मेल्या, चार वर्षांचं पोर आहे ते!

"नुरुद्दीन! अरे थांब, थांब!"

धोतराचा सोगा सावरत ते अनवाणीच रस्त्यावर धावले. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं. थांबवू दे.

"ती बाटली दे इकडे. माझी जीभ गेलीय, बाबा. दिवाळीपासून कशाचीच चव कळत नाही. मघाशी सांगितलं ते नुसत्या अंदाजानं."

नुरुद्दीननं बाटली त्यांच्या हातात दिली. रागवावं की काय, त्याला कळेना. दोघं ओसरीपाशी परतले.

"बायजे, तू सांग. कशाचा?"

"आमी झाडाचं नाव घ्यायचं न्हाय, बाबा."

"घे. मी सांगतोय, घे."

बायजानं पदर सावरला. "करंजाचा हाय." मग टोपलीतल्या पाल्याखालून तिनं दुसरा भोपळा काढला. "जांभळाचा ह्यो. दोनी आनले व्हते. तुमी पयला त्योच उचलला."

"आता मी नेऊ तो कुणाच्या शब्दावर?" नुरुद्दीननं विचारलं.

"बायजाच्या," वैद्य म्हणाले. शिंप्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी करंजाचा मध बरणीत ओतला, स्वतः बाटली धुतली, पुसून कोरडी केली, पुन्हा भरली. नुरुद्दीन ती दोन्ही हातांत धरून जवळजवळ पळतच गेला.

वैद्य पायरीवर बसले. घाम पुसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना मोकळं वाटत होतं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं गं?"

"होळीपास्नं. मी सावरीचा आनला, तुमी पांगारा म्हनला."

"अगं, तेव्हा तर तू 'व्हय' म्हणालीस!"

"म्हनली."

"मग आजच का गप्प राहिलीस?"

बायजानं दोन्ही रिकामे भोपळे टोपलीत ठेवले आणि टोपली डोक्यावर घेतली.

"तवा कुनाचं पोर आजारी नव्हतं, बाबा."