उघाडीवरच्या घरापर्यंत

या, असे जवळ सरका. मागे खांबाला टेकून बसलात तर माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि आजची गोष्ट पोचण्या-न पोचण्याचीच आहे. बुवा कीर्तनात दृष्टान्त देतात तशी ही नाही. हिच्यात राजा नाही, साधू नाही. आमच्या काळेखार गावची एक म्हातारी आहे, एक शिकणारी मुलगी आहे आणि देवळावरचा भोंगा आहे. दोघींपैकी कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर ऐकता ऐकता तुम्ही एकीवर रागवाल.

काळेखार धरमतरच्या खाडीला लागून आहे. खाडी आणि भातशेती यांच्यामधे मातीचा बांध, आणि बांधात पाणी सोडायची-अडवायची लाकडी दारं. त्या जागेला आम्ही उघाडी म्हणतो. गाव संपलं की शेतं, शेतं संपली की बांध, आणि बांधावर उघाडीला चिकटून एकच घर. ते सोनूबाईचं. तिचा नवरा बांध राखायचा. तो गेला, पुढे मुलगाही गेला, तरी ती आणि सून ठमी तिथंच राहिल्या.

सोनूबाईला गळा नव्हता, पण टाळ असा वाजवायची की मृदंगवाला तिच्याकडे बघून ठेका धरायचा. मी स्वतः इतकी वर्षं टाळ धरतोय, तरी ती शेजारी उभी असली की माझा हात आपोआप सरळ चालायचा. फाल्गुनातल्या सप्ताहात तिनं एक कीर्तन चुकवलं नव्हतं. मग उघाडीजवळच्या चिखलात ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही उठला नाही. त्या वर्षी पोरांनी तिला खुर्चीत बसवून देवळात आणलं. बांधावरची वाट ही अशी अरुंद, खाचखळग्यांची. प्रत्येक हिसक्याला तिचा चेहरा पिळवटायचा. दुसऱ्या दिवशी तिनंच हात जोडले.

"नको रं पोरांनो. माज्यापायी तुमच्या कमरा जातील. भोंगा हाय ना? मना घरात येतंय सगलं."

तेव्हापासून कीर्तनाची वेळ झाली की ठमी तिला खाटेवर उशीला टेकवून बसवायची आणि कोनाड्यातले टाळ हातात द्यायची. संध्याकाळी वारा पडला की बुवांचा आवाज शेतांवरून बांधापर्यंत यायचा. ठमी म्हणायची, निम्मे शब्द वाटेतच गळतात, पण आईंना निम्मे पुरतात. बाकीचे त्यांना पाठच आहेत.

भोंगा म्हणजे धर्माचा जीव. धर्मा सप्ताह कमिटीचा प्रमुख. देवळामागच्या उंच माडावर भोंगा बांधायचा, तोही खाडीकडे तोंड करून, आणि तो दुसऱ्या कुणाला बांधू द्यायचा नाही. मी एकदा म्हटलं, "धर्मा, देव काय बहिरा आहे का?"

"देव नाय बहिरा," तो म्हणाला, "पन पलीकडचं गाव हाय."

या धर्माची पुतणी मृणाली. लहानपणापासून हरिपाठाला यायची, प्रसादाच्या रांगेत पुढे असायची. बारावीनंतर बी.एस्सी. केलं आणि मग मुंबईला युनिव्हर्सिटीत पर्यावरणशास्त्र आणि व्यवस्थापन शिकायला लागली. सुट्टीला मांडव्याच्या बोटीनं यायची. गावाला तिच्या शिक्षणाचं कौतुक होतं, पण ते नेमकं काय आहे हे कुणाला कळत नव्हतं.

"म्हंजे झाडं लावायची?" ठमीनं विचारलं होतं.

"झाडं पण येतात त्यात."

"झाडं लावायला एवढं शिकाय लागतं व्हय? आमी फुकटच लावली मंग."

मृणालीला कुणी असं बोललं की ती मनापासून हसायची. गुणी मुलगी. दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी त्यांना आपापल्या भागातलं एखादं प्रदूषण मोजून त्यावर उपाय सुचवायचा होता. कुणी कंपनीच्या नाल्याचं पाणी घेतलं, कुणी खाडीतलं प्लॅस्टिक. हिनं सप्ताहाचा आवाज घेतला. तिचा धाकटा भाऊ दहावीला होता, कानात बोळे घालून अभ्यास करायचा. देवळाशेजारच्या राहुलच्या वडिलांना हृदयाचं दुखणं होतं, ते भोंगा सुरू झाला की छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत जायचे. कुणी तक्रार केली नव्हती. देवाच्या कामाची तक्रार कोण करणार?

तर सप्ताहात ती हातात आवाज मोजायचं यंत्र घेऊन फिरायला लागली. मोबाईलएवढं, आणि टोकाला काळा स्पंजाचा गोळा. देवळापाशी पहिलं माप घेतलं तेव्हा धर्मा मागे उभाच होता.

"किती आला आपला?"

"ब्याण्णव, काका."

"शंभरात?"

"शंभरात नाही, हे मार्क नाहीत. जास्त आले तर वाईट असतं."

"पलीकडच्या गावाचे किती?"

"तिथं मोजलं नाही."

"मंग आपला पयला नंबर," म्हणून धर्मानं भोंग्याच्या मशीनचं बटण आणखी पिळलं. "आता घे. एवढी मुंबईवरनं आलीस, कमी न्हेऊ नको."

आम्ही सगळे हसलो. बुवाही हसले.

गावात ठिकठिकाणी मापं घेत मृणाली शेवटी उघाडीवर गेली. सोनूबाई खाटेवर बसून टाळ वाजवत होती, डोळे मिटलेले. यंत्रात टाळ शिरायला लागले. मृणालीनं हळूच तिच्या मनगटाला हात लावला.

"आजी, टाळ जरा थांबवाल? मला फक्त भोंग्याचा आवाज मोजायचाय."

सोनूबाईनं टाळ थांबवले. हात तसेच वर, दोन टाळांमधे बोटभर अंतर. मृणालीनं आकडा लिहून घेतला आणि म्हणाली, "झालं आजी, वाजवा आता." सोनूबाईनं पुन्हा ठेका धरला. हे मला पुढे मृणालीनंच सांगितलं. सांगताना ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

सप्ताह उठल्यावर तिनं देवळात बैठक बोलावली आणि गावाचा नकाशा मांडला. देवळाभोवतीची घरं लाल, मग केशरी, मग पिवळी. सगळ्यात टोकाला उघाडीवरचं घर, त्याच्यावर हिरवा गोल. "इथं आवाज मर्यादेत आहे," ती म्हणाली, "म्हणजे इथं काही त्रास नाही." उपायही तिनं साधा सांगितला. भोंगा उतरवायचा, आणि मांडवाच्या चार कोपऱ्यांत स्पीकरचे छोटे बॉक्स आतल्या बाजूला तोंड करून लावायचे. जो ऐकायला आलाय त्याला नीट ऐकू येईल, जो झोपलाय तो झोपेल.

कुणाचंच म्हणणं वेगळं पडलं नाही. त्या हिरव्या गोलात कोण बसतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही. धर्मा दोन दिवस पुतणीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः माडावर चढला आणि भोंगा काढून आणला. "पोरगी शिकली ती आपल्यासाठीच शिकली," एवढंच म्हणाला.

पुढच्या फाल्गुनात सप्ताह बॉक्सवर झाला, आणि खरं सांगतो, असं कीर्तन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बुवा चरण सोडायच्या आधी श्वास घेतात तो ऐकू यायचा. टाळाचा शेवटचा झंकार विरेपर्यंत ऐकू यायचा. राहुलचे वडील कित्येक वर्षांनी मांडवात येऊन बसले, डोळ्यांतून पाणी काढत. मृणालीचं काम चांगलं होतं, ही गोष्ट मला पुसायची नाही.

काल्याच्या आदल्या संध्याकाळी ती पुन्हा यंत्र घेऊन सगळीकडे फिरली. उघाडीवर पोचली तेव्हा कीर्तन भरात होतं. यंत्रात फक्त उघाडीच्या दारांतून झिरपणारं पाणी आणि रातकिडे. आकडा बघून तिला आनंद झाला. ठमी सप्ताहभर संध्याकाळी देवळात राबायची; भोंगा काढल्याचं घरी सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. आत्ताही ती तिकडे महाप्रसादाच्या पोळ्या लाटत होती. आत सोनूबाई खाटेवर बसलेली, टाळ मांडीवर.

"कोन, मृणाली? बाय, किर्तन चालू हाय ना?"

"हो आजी, चालू आहे."

"ठमी पन तेच सांगते. बुवा आलेत, उभं राह्यलेत." तिनं मांडीवरचे टाळ चाचपले. "माजे कान गेले गं. सप्ताह बसला तवापासून. तुजं येतं मना, कोंबडीचं येतं, पान्याचं येतं. देवाचं तेवढं येत नाय."

मृणालीच्या लक्षात आलं. सगळं एकदम लक्षात आलं. तेव्हाच म्हणायचं होतं, आजी, तुमचे कान शाबूत आहेत, भोंगा काढलाय, मीच काढायला लावला. शब्द ओठांवर होते. पण तो "मीच" काही बाहेर पडेना. तिला वाटलं, नुसतं सांगण्यापेक्षा उद्या हातात काहीतरी घेऊन यावं, मग सांगावं.

"उद्या काल्याचं कीर्तन मी तुम्हाला इथं ऐकवते," ती म्हणाली.

"तू काय ऐकवशील? काय चुकलं असंल माजं कवातरी. त्यानं दार लावलं."

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनाआधी मृणाली पोयनाडला जाऊन छोटा स्पीकर घेऊन आली. उघाडीकडे निघणार तोच धर्मानं तिला पुढे ओढलं. गावानं तिच्यासाठी शाल-नारळ आणला होता. बुवांच्या हातानं सत्कार झाला, बुवा चांगलं बोलले, आणि मग कीर्तनच सुरू झालं. शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीनं मधेच उठायचं कसं? तिनं मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

त्याच वेळी ठमी फडक्यात बांधलेले टाळ घेऊन माझ्याकडे आली. "आईंनी देवळाला दिलेत," म्हणाली. मला वाटलं, म्हातारीनं दान केलं. मी ते कपाळाला लावले आणि पेटीत ठेवले.

दही-लाह्यांचा प्रसाद घेऊन मृणाली उघाडीवर गेली, खाटेपाशी बसली आणि स्पीकर लावला. सोनूबाईनं बराच वेळ मन लावून ऐकलं.

"बुवांचाच आवाज हाय," ती म्हणाली. "पन हा तुज्या डब्यातला. देवलातनं आलेला नाय."

तेव्हा मृणालीनं सांगितलं. अगदी सगळं सांगितलं, यंत्र, नकाशा, हिरवा गोल, माड. सोनूबाई ऐकत राहिली आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवून हसली.

"धर्मा भोंगा काढंल व्हय? बायको एक वेल सोडील तो."

"खरंच काढलाय आजी. शपथ."

"शपथ नको घेऊ. म्हातारीला बरं वाटावं म्हनून सांगतेस, मना कलतं. काल मी इचारलं तवा काय बोलली नायस तू. आसंल तर कालच नसतं सांगितलं?"

 मृणालीनं ठमीला साक्षीला बोलावलं. सोनूबाई ठमीलाही हसली, "तुना पन शिकवून ठेवलं काय." संध्याकाळी धर्मा आला, दारातच कान धरून उभा राहिला. त्यानं सांगितल्यावर तर तिला खात्रीच पटली की सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवलंय. "किती माया करता रं," म्हणाली.

धर्मानं ठरवलं, रामनवमीला भोंगा पुन्हा बांधायचा. एक दिवस, एक तास, गावाची परवानगी घेऊन. मृणालीनं स्वतः घरोघर जाऊन विचारलं. राहुलच्या वडिलांनी होकार दिला आणि त्या दिवसापुरते लेकीकडे गेले. पण मधल्या दिवसांत सोनूबाईला ताप भरला. डॉक्टर येऊन गेले, औषध चालू झालं. ती बोलेनाशी झाली.

रामनवमीला जन्माच्या वेळी आम्ही भजन धरलं. माडावरून भोंगा खाडीकडे बोलत होता. मी मुद्दाम तिचेच टाळ घेतले होते. जितके नीट वाजवता येतील तितके वाजवले.

तिकडे मृणाली आणि ठमी खाटेपाशी होत्या. आवाज घरात येत होता, वाऱ्यानं थोडा हलत, पण येत होता. यंत्र मृणालीच्या पिशवीत होतं. तिनं ते काढलं नाही. सोनूबाईचे डोळे मिटलेले, हात गोधडीवर. ठमी म्हणते, पाळण्याच्या वेळी आईंची बोटं हलली. मृणाली म्हणते, तिला दिसलं नाही. ठमीला तसं दिसणारच, आणि मृणालीला न दिसणारच, असं मला वाटतं. खरं काय ते त्या खाटेवरच राहिलं. दोन दिवसांनी सोनूबाई गेली.

मृणालीच्या प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. परीक्षा घेणाऱ्या सरांनी नकाशावर बोट ठेवून म्हटलं, हे टोकाचं ठिकाण, इथं तुमचा उपाय सर्वांत यशस्वी झालाय. तिनं नकाशाची घडी घातली. आता शिक्षण संपवून ती गावोगाव मापं घ्यायला जाते, आणि प्रत्येक दारात आधी विचारते, हा आवाज तुम्हाला हवा असतो का. लोक तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात. सुट्टीला आली की माझ्याशेजारी उभी राहून टाळ शिकते. हात अजून अडखळतो. दोन टाळ जवळ आणून ती मधेच थांबते, आणि ती का थांबली ते मी विचारत नाही.

सप्ताह पुन्हा बॉक्सवरच होतो, तेच बरोबर आहे. फक्त एक लांब वायर शेतांवरून ओढून एक बॉक्स उघाडीवरच्या घरात ठेवतो. ठमी तिथं एकटी असते. ती म्हणते, असू दे.

एवढीच गोष्ट. आता तुम्ही आपापल्या गावी जाल, कुठंतरी कीर्तनाला बसाल. बुवा उभे राहतील, मृदंगावर थाप पडेल. पहिला टाळ वाजायच्या आधी जी क्षणभर शांतता असते ना, तेवढ्या वेळात आमच्या सोनूबाईला आठवा. तिचे कान शेवटपर्यंत चांगले होते, एवढं तिच्यासाठी मनात म्हणा. आम्ही सांगितलं ते तिनं ऐकलं नाही, तुमचं कदाचित पोचेल.